पोपना एकवीस तोफा, मग आमच्या स्वामीजींना का नाहीत?

गडहिंग्लजच्या बाजूच्या एका शिक्षणसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी दोन प्रश्न एका दमात विचारलेत. पहिला जरा रागाचा आहे: पोप कुठल्याही देशात गेले की राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर लाल गालिचा, बँड, तोफा, मानवंदना, मग आपल्या मठाधिपतींना हा मान का नाही, ते काय कमी आहेत? दुसरा कामाचा आहे: संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला स्वामीजी आणि मंत्रिमहोदय एकाच दिवशी येणार आहेत, तर स्वागत कसं करावं, आणि पोलिसांची मानवंदना मिळेल का?

महसूल खात्यात मी तीस वर्षं काढली. त्यातली निम्मीअधिक कोल्हापुरात आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत राजशिष्टाचाराच्या टेबलावर गेली. राष्ट्रपती भवनाचं प्रांगण मी लांबूनच बघितलंय. उजळाईवाडीच्या विमानतळावर मात्र हातात गुच्छ धरून किती तास उभी राहिले, त्याचा हिशेब नाही. त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं वाचून-ऐकून झालेलं आहे, दुसऱ्याचं अंगावर निभावून.

आधी पोपचं बघू. पोप एकाच वेळी दोन गाद्यांवर बसतात. एक कॅथलिक पंथाच्या प्रमुखाची, दुसरी व्हॅटिकन नावाच्या स्वतंत्र राज्याच्या प्रमुखाची. हे राज्य केवढं? 44 हेक्टर, म्हणजे सुमारे 109 एकर. आपल्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांचा, त्यात सात व्हॅटिकन मावतील आणि वर क्रिकेटचं मैदान उरेल. पण 1929 च्या लॅटरन करारानं ते सार्वभौम राज्य ठरलं आणि भारतानं 1948 मध्येच पोपच्या गादीशी राजनैतिक संबंध जोडले. दिल्लीत त्यांचा राजदूत असतो, त्याला 'नन्सिओ' म्हणतात. 1961 च्या व्हिएन्ना करारात नन्सिओचा दर्जा राजदूताच्या बरोबरीनं लिहिलेला आहे. तेव्हा पोप आले की परराष्ट्र खात्याच्या फाइलवर 'धर्मगुरू येत आहेत' असं नसतं, 'राष्ट्रप्रमुख येत आहेत' असं असतं. तोफा त्या ओळीमुळं उडतात. पांढऱ्या झग्यासाठी एकही तोफ नाही.

आता प्रत्यक्ष सोहळा कसा होतो ते सांगते, कारण आपल्याकडच्या आयोजकांनी उचलण्यासारखं त्यात बरंच आहे. आपल्या राष्ट्रपती भवनात राष्ट्रप्रमुखाचं स्वागत पुढच्या प्रांगणात होतं. पाहुण्याच्या गाडीपुढं राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे घोडेस्वार येतात. ही तुकडी 1773 साली उभी राहिलेली. गाडी थांबते, राष्ट्रपती आणि पंतप्रधान सामोरे जातात, हस्तांदोलन किंवा नमस्कार होतो. मग पाहुण्याला सलामीच्या चौथऱ्यावर नेतात. आधी पाहुण्यांचं राष्ट्रगीत, नंतर आपलं. आपलं 52 सेकंदांचं. एकवीस तोफांची सलामी, मग पाहुणे तिन्ही दलांच्या मानवंदना पथकाची पाहणी करत चालतात, परत येतात. यजमानांकडचे लोक रांगेत उभे असतात त्यांची ओळख, मग पाहुण्यांच्या शिष्टमंडळाची ओळख. पुढचा मुक्काम बहुधा राजघाट. 6 नोव्हेंबर 1999 ला पोप जॉन पॉल दुसरे यांचं राष्ट्रपती भवनात स्वागत झालं तेव्हा राष्ट्रपती के. आर. नारायणन होते आणि पोप 79 वर्षांचे, थकलेले. दुसऱ्या दिवशी दिवाळी होती आणि नेहरू स्टेडियमवर त्यांची मोठी प्रार्थनासभा झाली. याच पोपनी 1986 च्या फेब्रुवारीत भारताचा दहा दिवसांचा दौरा केला होता, तेव्हा ते पुण्यालाही आले होते. जुन्या मंडळींना आठवत असेल.

ऐकायला सोपं वाटतं. पण राजशिष्टाचाराच्या माणसाची झोप उडते ती बारीक गोष्टींनी. व्हॅटिकनचा पिवळा-पांढरा ध्वज चौरस असतो आणि आपला तिरंगा 3:2 आयताकृती. शेजारीशेजारी लावायचे तर ध्वज साधारण सारख्या आकाराचे दिसले पाहिजेत, आणि इथं उंची जुळवली की रुंदी हुकते. बँडला पोपच्या गीताची सुरावट आधी मिळवून बसवावी लागते. ती गुनो या फ्रेंच संगीतकाराची, 1869 मधली. अधिकृत गीत म्हणून 1949 मध्ये घेतलेली. आणि पाहुण्यांच्या स्वतःच्या रीती असतात. जॉन पॉल एखाद्या देशात पहिल्यांदा पाऊल ठेवलं की वाकून जमिनीचं चुंबन घ्यायचे. यजमान राष्ट्राध्यक्ष हात पुढं करून उभे, आणि पाहुणे खाली वाकलेले! त्या पाच-दहा सेकंदांत यजमानानं काय करायचं हे कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असतं. पुढं वयामुळं वाकता येईना, तर तबकात माती घेऊन मुलं समोर यायची.

गाडीचं प्रकरण तर मला फार आवडतं. पोप फ्रान्सिस फेब्रुवारी 2019 मध्ये अबू धाबीच्या अध्यक्षीय प्रासादात गेले. यजमानांनी घोडदळ ठेवलं होतं, तोफा होत्या, आकाशात विमानं पिवळा आणि पांढरा धूर सोडत गेली. आणि या सगळ्या थाटातून पाहुणे आले एका छोट्या किया गाडीत. सप्टेंबर 2024 मध्ये जाकार्ताला गेले तेव्हा वय 87, चाकाच्या खुर्चीत. गाडी कुठली? इनोव्हा. आपल्याकडं लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्यानं मिळते ती. बुलेटप्रूफ लांबलचक गाडी हवी असा सुरक्षेवाल्यांचा हट्ट असतो, पाहुण्याला साधेपणा हवा असतो, आणि यजमानाला आपल्या अंगणाची शोभा. तिघांचं जुळवायचं ते आमच्यासारख्या राजशिष्टाचाराच्या माणसानं. पाहुणा साधी गाडी मागतो म्हणून यजमानानं घोडेस्वार काढून टाकायचे नसतात. घोडेस्वार गादीसाठी, छोटी गाडी माणसासाठी. अबू धाबीवाल्यांनी दोन्ही ठेवलं, शहाणे लोक.

राज्याची गादी नसली की काय होतं, त्याचं उदाहरण दलाई लामांचं. ओबामा व्हाइट हाउसमध्ये त्यांना भेटायचे ते ओव्हल ऑफिसमध्ये नाही, 'मॅप रूम' नावाच्या दुसऱ्या दालनात. फेब्रुवारी 2010 च्या भेटीनंतर दलाई लामा बाजूच्या दारानं बाहेर पडले आणि तिथं कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग होता. तो फोटो जगभर फिरला. चीनला काय वाटेल हा हिशेब दालन ठरवताना होताच. पण माझ्यासारखीला त्यात दिसलं ते एवढंच, की पाहुणा कुठल्या दारानं जाणार हे कागदावर ठरवलं आणि त्या दाराशी सकाळी काय पडलेलं असतं हे कुणी जाऊन बघितलं नाही. मी प्रत्येक दौऱ्याच्या आधी दोनदा चालून बघायची, एकदा आदल्या दिवशी आणि एकदा त्याच वेळेला.

तोफांच्या आकड्यांबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. संस्थानाच्या काळात कोल्हापूरच्या गादीला 19 तोफांचा मान होता. बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर, हैदराबाद आणि काश्मीर यांना 21. इंग्रजांनी सगळ्या हिंदुस्थानाचा मानपान तोफांच्या आकड्यांत बसवला होता आणि दोन-दोन तोफांवरून संस्थानिक वर्षानुवर्षं कागदी घोडे नाचवत. त्या यादीतला एक मोठा अपवाद तुमच्या प्रश्नाशी नेमका भिडतो. 1916 मध्ये आगाखान तिसरे यांना 11 तोफांचा मान मिळाला. ते इस्माइली पंथाचे इमाम. राज्य नाही, प्रजा नाही, होते ते अनुयायी. म्हणजे निव्वळ धर्मगुरूला तोफा कधीच मिळाल्या नाहीत असं म्हणता येत नाही. पण तो राज्यकर्त्यांच्या सोयीचा निर्णय होता, त्यासाठी त्यांना संस्थानिकाचा दर्जाच देऊन टाकला. रीत मोडायची नाही, माणसाला रीतीत बसवायचं. इंग्रज यात पटाईत.

स्वतंत्र भारतात मानाचा क्रम ठरवणारा तक्ता 1979 चा आहे, त्यात 26 पायऱ्या. राष्ट्रपती पहिले. त्या 26 पायऱ्यांवर कुठल्याही धर्माचा गुरू नाही. शंकराचार्य नाहीत, जगद्गुरू नाहीत, जैनांचे भट्टारक नाहीत, बिशप नाहीत, इमाम नाहीत. तुमच्या स्वामीजींना वगळलेलं नाही, ती यादीच वेगळ्या कामाची आहे. राज्य सरकार एखाद्या धर्मगुरूला 'राज्य अतिथी' जाहीर करू शकतं. मग गाडी, विश्रामगृह, बंदोबस्त मिळतो. मानवंदनेचं पथक नाही. गंमत अशी की देह ठेवल्यावर चित्र बदलतं. मदर तेरेसांना 1997 मध्ये तोफेच्या गाड्यावरून नेलं. तुमकुरूच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामीजी 2019 मध्ये 111 व्या वर्षी गेले तेव्हा कर्नाटक सरकारनं शासकीय इतमामात निरोप दिला. तो त्या-त्या सरकारचा निर्णय असतो. जिवंतपणी ज्यांना पोलिसांची सलामी लागू होत नाही त्यांना गेल्यावर बंदुकीच्या फैरी, यावर कुणी हसलं तर मी अडवणार नाही.

गादी मोठी की गुरू मोठा, हा झगडा कोल्हापूरच्या मातीला नवा नाही. 1899 मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी राजोपाध्यांचा, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचा माणूस शाहू महाराजांसाठी क्षत्रियांचे वेदोक्त (वेदांतले) मंत्र सोडून शूद्रांसाठीचे पुराणोक्त (पुराणांतले) मंत्र म्हणत होता, हे उघडकीला आलं आणि वेदोक्ताचं रण पेटलं. छत्रपती गादीवर, पण मंत्र कुठला म्हणायचा ते भटजी ठरवणार. महाराजांनी त्याचं उत्तर दिलं ते 1920 मध्ये: पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाची गादी क्षात्रजगद्गुरूंची, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूंची म्हणून उभी केली आणि तिथं सदाशिवराव बेनाडीकरांना बसवलं. राजानं गुरूची गादी निर्माण केली. मला विचाराल तर आजचा राजशिष्टाचार शिकवायला तेवढं एक प्रकरण पुरेल.

आणि पाया पडण्याचा प्रश्न. पन्नासच्या दशकात राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी काशीत दोनशे ब्राह्मणांचे पाय धुतले. समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी त्यावर जे आसूड ओढले ते अजून वाचले जातात. माझं मत विचारलंच आहे तर सांगते. संविधानाच्या पदावरचा माणूस भक्त असू शकतो. मठात जावं, जमिनीवर बसावं, पाया पडावं. पण शासकीय मंचावर, पदाच्या पाटीसमोर, कॅमेऱ्यापुढं नको. तिथं दोघांनी हात जोडावेत आणि थांबावं. नमस्काराएवढी सोयीची गोष्ट जगात दुसरी नाही. अंतर राखतो, उंचनीच दाखवत नाही, आणि स्पर्शाचा पेचच उभा राहत नाही.

स्पर्शाचा पेच मी भोगलाय. एका जिल्ह्यात असताना स्त्रियांच्या हातून काही न घेणारे एक साधू येणार होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीनं स्वागताला माझी नेमणूक. आदल्या रात्री आयोजकांचा फोन, "मॅडम, उद्या तुमच्याऐवजी एखादे साहेब पाठवता का? तुम्ही जरा मागं थांबा." मी म्हटलं, नेमणुकीचा कागद माझ्या नावाचा आहे, आणि साधूंचं व्रत त्यांचं आहे, दोन्ही पाळू. चार पावलांवर पाट मांडला, त्यावर तबक, तबकात श्रीफळ आणि शाल. मी तबक पाटावर ठेवलं, हात जोडले, दोन पावलं मागं सरले. शिष्यानं उचललं. साधूंनी हात वर करून आशीर्वाद दिला. कुणाचंच काही बिघडलं नाही. आयोजक मात्र दिवसभर माझी नजर चुकवत फिरत होते.

तर तुमचा सुवर्णमहोत्सव. मानवंदनेचा अर्ज करूच नका. मंत्र्यांना जे लागू असेल ते त्यांच्या दौऱ्याच्या कार्यक्रमाबरोबर आपोआप येतं, आणि ते स्वामीजी येण्याच्या वेळेत मिसळू देऊ नका. दोघांच्या येण्यात निदान अर्धा तास ठेवा. बँड हवा असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात विचारा, पण खरं सांगू का, तुमच्या भागात करडी ढोल आहे, हलगी आहे, तुतारी आहे. त्यापुढं पितळी बँड फिका. स्वामीजींची अड्डपालखी निघणार असेल तर आजच टेप घेऊन रस्ता मोजा. अड्डपालखी आडवी चालते, वाहणारे दोन्ही बाजूंना, म्हणजे सगळी गल्ली तिचीच. मध्येच लावलेली एक मोटारसायकल पुरते सगळी मिरवणूक थांबवायला. वीजेच्या तारा आणि फ्लेक्सच्या दोऱ्या यांची उंचीही बघा, वर छत्र असतं.

मठाच्या व्यवस्थापकांना आठ दिवस आधी फोन करून विचारायच्या गोष्टी: बसायला स्वतःचं आसन आणणार का, पादपूजा होणार का आणि कुठं, फेटा चालतो का, जेवणखाण कुणाच्या हातचं, परतीची वेळ. फेट्याबद्दल मी जरा जास्तच बोलते, कारण कोल्हापुरात पाहुणा दिसला की फेटा बांधायचा हात शिवशिवतो. धर्मगुरूच्या डोक्यावर जे असतं, टोपी असो, जटा असो, रुमाल असो, ते त्यांच्या गादीचं चिन्ह असू शकतं. विचारल्याशिवाय डोक्याला हात लावू नका. तबकात घालून द्या.

भेटवस्तूही. एका संस्थेनं जैन परंपरेतल्या एका मोठ्या पाहुण्यांना मोठ्या प्रेमानं अस्सल कोल्हापुरी चपलांचा जोड द्यायचा घाट घातला होता. लाल मखमलीच्या पेटीत. मी मंचामागं पेटी उघडून बघितली म्हणून निभावलं. कातडं! अहिंसेवर प्रवचन द्यायला आलेल्या माणसाला! पाच मिनिटांत पेटीत गुळाची ढेप गेली. मखमलीला चिकटली, पण अब्रू वाचली.

आणि खुर्च्या. इथं मीच तोंडघशी पडलेय, म्हणून नीट सांगते. एका कार्यक्रमात स्वामीजींचा स्वतःचा चौरंग येणार होता, नेहमीच्या खुर्चीपेक्षा चांगला सहा इंच उंच. शेजारी पदावरचे पाहुणे. मठाचं म्हणणं, आसन खाली येणार नाही. पाहुण्यांच्या कार्यालयाचं म्हणणं, साहेब खाली बसलेले दिसणार नाहीत. रात्री साडेदहाला मी तोडगा काढला: साहेबांच्या खुर्चीच्या चारी पायांखाली सहा इंचांचे ठोकळे. सुतार बोलावला, ठोकळे कापले, वरून गालिचा ओढला. समोरून बघितलं तर दोन्ही आसनं एका रेषेत. मी खूश. दुसऱ्या दिवशी साहेब बसले, आणि त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. साहेब ठेंगणे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाऊण तास पाय लोंबकळत बसले बिचारे. सकाळी वर्तमानपत्रात फोटो: स्वामीजी शांत, साहेब पाळण्यात.

तेव्हापासून मी उंच आसनाशी स्पर्धा करायची सोडली. स्वामीजींचं आसन एका बाजूला, मागं त्यांच्या मठाचं चित्र किंवा ध्वज. मंत्र्यांची आणि इतरांची रांग दुसऱ्या बाजूला, मध्ये चांगली सहा-सात फूट जागा आणि तिथं समई. दोन वेगळ्या बैठका दिसल्या की कोण वर, कोण खाली हे कुणी मोजत नाही. आधी शासकीय भाग उरकून घ्या, मंत्र्यांचं भाषण, उद्घाटन वगैरे. मग सूत्रसंचालकानं स्पष्ट म्हणावं, "आता स्वामीजींचे आशीर्वचन." त्यानंतर दुसऱ्या कुणाचंही भाषण ठेवू नका, आभारसुद्धा आधीच मांडून घ्या. मंत्र्यांना पाया पडायचं असेल तर मागच्या खोलीत पाच मिनिटं राखून ठेवा, दार लावून, फोटोग्राफरला बाहेर चहा देऊन.

आणि खुर्चीखाली काही घालायची वेळ आलीच, तर आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्याची उंची विचारा. पीएला विचारायला लाज वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा, तो सांगतो.